हौसाक्काचा उपास

हिंदुराव नलवड्यांचा डोळा लागतोय की नाही, अशी वेळ आहे. दुपारचे दोन वाजलेत. लॉजच्या गॅलरीत वेताची खुर्ची, पायांवर लेकीनं घातलेली चादर, डोक्याला माकडटोपी आणि समोर झाडांच्या पलीकडे नदी. श्रावण महिना, पण इथं थंडीचे दिवस. ऊन नुसतं दिसायला आहे, अंगाला लागत नाही.

ही ऑस्ट्रेलियातली मरे नदी. नदीला असलं नाव कोण ठेवतं, हे हिंदुरावांनी सकाळीच लेकीला विचारून घेतलंय. लेक हसली आणि म्हणाली, "आण्णा, ते त्यांच्यातलं आडनाव आहे." आडनाव तर आडनाव. पण आपल्या नदीला आपण आई म्हणतो आणि ह्यांनी कुणातरी साहेबाचं आडनाव लावलं, हे काही म्हाताऱ्याला पटलेलं नाही.

लेकीचं नाव वैजयंता. ती मेलबर्नला नर्स आहे. दोन महिन्यांपूर्वी तिनं वडलांना इकडं आणलं आणि तेव्हापासून तिच्या डोक्याला ताप झाला. म्हाताऱ्याचा जीव रमेना. टीव्ही नको, बाग नको, देऊळ नको. जन्म गेला कृष्णाकाठी येळकोंडीत, स्वतःचं गुऱ्हाळ चालवण्यात. सकाळ-संध्याकाळ एकच, "तुमच्यात नदी कुठं हाय गं?" शेवटी दोन दिवसांची रजा टाकून काल तिनं गाडी काढली आणि तीन तास उत्तरेला, ह्या एच्युका गावात आणून त्यांना नदीसमोर बसवलं. म्हणाली, "घ्या. किती बघायची तेवढी बघा."

गाव जुनं आहे. एके काळी इथून लोकरीचे गठ्ठे बोटींनी जायचे. दोन्ही बाजूंना मोठाली चाकं असलेल्या, लाकडं जाळून वाफेवर चालणाऱ्या बोटी. त्यातल्या थोड्या अजून आहेत आणि हौशी लोकांना तासभर फिरवून आणतात. धक्का तर बघण्यासारखा. लाल लाकडाच्या अजस्र खांबांवर एकावर एक मजले चढवलेले, कारण नदी उन्हाळ्यात कुठल्या कुठं खाली जाते आणि पुरात पार वरपर्यंत येते. हिंदुरावांना हे न सांगता कळलं. सकाळी बोटीत बसल्यावर ते बाकावर टेकलेच नाहीत. भट्टीपाशी जाऊन उभे राहिले, आणि लाकडं सारणाऱ्या दाढीवाल्या माणसाला सरळ मराठीत म्हणाले, "जाळ जादा झालाय. दोन ओंडकी काढ." तो माणूस बिचारा हसला आणि त्यानं मान डोलावली. वैजयंताला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण बऱ्याच दिवसांनी बाप असा खुलला म्हणून बरंही वाटलं.

मग साडेनऊच्या सुमाराला गावाकडनं फोन आला. तिकडं पहाटेचे पाच, हिंदुरावांची बायको म्हशीच्या धारा काढायला उठलेली. म्हैस कशी लाथा झाडते, ओढ्याला पाणी किती आलंय, सगळं सांगून झालं. आणि ठेवता ठेवता ती म्हणाली, "आज भावाचा उपास हाय माझा. उद्या पंचमी. तुमच्यात काय असतंय का न्हाई तिकडं?"

त्यानंतर हिंदुराव लॉजवर परतले. जेवायला बसले आणि दोन घासांत उठले. वैजयंताला वाटलं, थंडी बाधली. तिनं त्यांना खुर्चीत बसवलं, चादर घातली आणि म्हणाली, "मी दुकानं बघून येते, तुम्ही जरा डोळे मिटा."

तर आता डोळे मिटलेत. पण मनात काय चाललंय, ते लेकीला ठाऊक नाही, बायकोला नाही, येळकोंडीत कुणालाच नाही. चोपन्न वर्षं हा माणूस एक गोष्ट दाबून बसलाय.

आमच्याकडं नागपंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावाचा उपास करतात. भावाला काही होऊ नये, त्याला आयुष्य मिळावं म्हणून. आणि पंचमीला भाऊ बहिणीला माहेरी न्यायला जातो. त्याला मुराळी म्हणतात. लग्नानंतरची पहिली पंचमी असली तर मग विचारूच नका, पोरगी आठ दिवस आधीपासून वाटेकडं डोळे लावून असते.

हिंदुरावांची थोरली बहीण हौसा. आई लवकर गेली, तिनंच ह्यांना वाढवलं. तिला दिली ती नदीपलीकडं, खोलेवाडीला. वैशाखात लग्न झालं. श्रावणात तिची पहिली पंचमी आली आणि त्याच वेळी कृष्णेला पूर आला. नाव बंद झाली. वडलांना दम्याची उबळ, त्यामुळं मुराळी म्हणून जायचं सतरा वर्षांच्या हिंदूनं. नाव बंद म्हणून कुणी अडत नसे. गुऱ्हाळात रस उकळायची लोखंडी काहिल असते ना, सात-आठ हात रुंद, ताटासारखी पसरट, ती पाण्यात सोडायची आणि फळीनं वल्हवत पलीकडं जायचं. आमच्या भागात पुराच्या वेळी किती माणसं अशी तरलीत, बाळंतिणीसुद्धा. हिंदू काहिलीतून चार-पाच वेळा गेलेला होता, पण दुसऱ्याच्या मागं बसून.

त्या दिवशी त्यानं बैलगाडीतून काहिल काठावर नेली, पाण्यात लोटली आणि तो एकटा आत बसला. वीसेक हात गेला असेल नसेल, काहिल गरगरली. एकदा, दोनदा. तो भ्याला आणि फळी उलटी मारायला लागला. कसाबसा तो काठाला परत आला आणि बाभळीच्या आडाला जाऊन बसला. पलीकडं हिरवं लुगडं दिसत होतं. दुपारपासून ते एका जागी उभं होतं. दिवस बुडेस्तोवर हलेना. हा बाभळीमागं आणि ती तिकडं. शेवटी अंधार पडायच्या बेताला हा उठून घरी आला आणि वडलांना म्हणाला, "काहिलीला भोक हाय. पाणी आत येतंय."

आणि दुसऱ्या दिवशी वडील गुऱ्हाळात बघायला यायच्या आत त्यानं छिन्नी-हातोडा घेऊन खरंच भोक पाडलं.

भाद्रपदात हौसाक्काला मुदतीचा ताप आला आणि ती गेली. नदी अजून उतरायची होती. लोहारानं काहिलीला ठिगळ लावून दिलं. पुढं सोळा वर्षं त्या काहिलीत गूळ शिजला आणि दर हंगामाला हिंदुरावांची नजर पहिली ठिगळावर जायची. बाकी गडी बघायचे रस किती आटला ते.

खुर्ची कुरकुरते. हिंदुरावांना वाटतं, आपण जागेच आहोत. हाताखाली गॅलरीचा कठडा आहे, ते तो धरून उठतात आणि चालायला लागतात, तर कठडा संपतच नाही. पुढं जाऊन तो धक्क्याचा कठडा होतो. खाली जिना आहे. लाल लाकडाच्या पायऱ्या, एक मजला, दुसरा मजला, तिसरा. सकाळी एवढ्या नव्हत्या. चौथ्या मजल्यावर पाय ठेवतात तो दगडावर पडतो, आणि दगड शेवाळलेला आहे. हिंदुराव पायातली सपाता काढून हातात घेतात. घाटावर चप्पल घालून कोण उतरतं?

तिकिटाच्या खिडकीत सकाळचीच बाई आहे. पांढऱ्या केसांची, निळ्या डोळ्यांची. सकाळी तिनं इंग्रजीत काहीतरी गोड बोलून तिकिटं दिली होती. आता ती डाळ निवडतेय.

"पैलतीराला जायचं हाय," हिंदुराव म्हणतात.

"बोट गेली. पंचमीची गर्दी." ती मान वर न करता सांगते. "ती काहिल घ्या."

तिनं दाखवलं तिकडं बोटीचं भट्टीघर आहे, पण आत बघावं तर गुऱ्हाळाचं चुलवण धडधडतंय. सकाळचा दाढीवाला वाकून चिपाडं सारतोय. रसाच्या वासानं नाक भरून गेलंय. आणि बोटीच्या पोटातून, जिथं इंजिन होतं तिथून, काहिल घरंगळत येते आणि आपणहून पाण्यात जाऊन बसते. हिंदुराव वाकून बघतात. ठिगळ नाही. नुसतं भोक आहे, छिन्नीच्या कडा अजून चकाकतायत.

"हिला भोक हाय," ते बाईला म्हणतात.

"ते तुम्हीच पाडलंय न्हवं?" बाई म्हणते आणि डाळीतला खडा काढून टाकते.

हिंदुराव सपाता काठावर ठेवतात, फळी उचलतात आणि काहिलीत बसतात.

पाणी तपकिरी आहे. मरेचं की कृष्णेचं, ते सांगता येत नाही. एका अंगाला लाल लाकडाचा धक्का आहे, तर दुसऱ्या अंगाला येळकोंडीचं मरीआईचं देऊळ, आणि दोन्ही हळूहळू मागं पडतायत. भोकातून बोटाएवढी धार आत येतेय, पाऊल भिजलंय. वीसेक हात गेल्यावर काहिल गरगरते. एकदा. दोनदा. हिंदुरावांना ती जागा ओळखीची वाटते. भीती तीच, अगदी तीच, चोपन्न वर्षांत ती जरासुद्धा म्हातारी झालेली नाही. हात आपोआप फळी उलटी फिरवायला बघतात, माघारी जायला.

तेवढ्यात पलीकडं हिरवं दिसतं.

हिंदुराव फळी सुलटी करतात. एक डावीकडं मारायची, एक उजवीकडं, म्हणजे काहिल सरळ राहते. हे त्यांना त्या दिवशीही ठाऊक होतं. माहिती असून उपयोग नव्हता, छाती नव्हती. आता ते मोजत मोजत वल्हवतात. फळीला रंधा मारलेला नाही, सालपटं हाताला लागतायत. खांदे भरून येतात. एकाहत्तर वर्षांचा माणूस, मूठभर जीव, पण थांबत नाही. तोंडानं "हौसाक्का, हलू नगंस, हलू नगंस" असं चाललंय.

पलीकडचा काठ परमुलखातला आहे. पांढऱ्या बुंध्यांची उंच झाडं आणि त्यांच्यावर पांढरे पोपट कलकलाट करतायत. झाडाखाली पत्र्याची ट्रंक आहे आणि ट्रंकेवर हौसाक्का बसलीय. हिरवं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, गळ्यात नवी काळी पोत. वय वीस. ह्यांची धाकटी नात शोभावी एवढी.

ती डोळ्यांवर हात धरून बघते.

"किती म्हातारा झालास रं बापू," ती म्हणते.

बापू म्हणणारी जगात ती एकटीच होती. हिंदुराव चिखलात तसेच पुढं होतात आणि तिच्या पायांवर डोकं ठेवतात. म्हातारा माणूस पोरीच्या पाया पडतोय, पोपटांनासुद्धा गंमत वाटत असेल. ती त्यांची माकडटोपी काढते, टकलावरनं हात फिरवते आणि खूप हसते. केस कुठं गेले म्हणून विचारते. बायको कशी मिळाली, पोरं किती, वडील कसे गेले, काळ्या म्हशीचं काय झालं, सगळं विचारून घेते. हिंदुराव सांगत राहतात. लेक कुठं राहते, आपण कसे विमानात बसून आलो, अख्खी रात्र आणि अर्धा दिवस कसे आभाळात होतो, तेही सांगतात. ती गालाला हात लावून ऐकते.

"म्हंजे साता समुद्रापलीकडं इंग्रजाच्या मुलखात आलास," ती म्हणते, "आणि तेवढी आपली नदी तुला वलांडता आली न्हाई व्हय?"

बोलण्यात राग नाही. लहानपणी ह्यांना आंघोळीला धरताना ती अशीच चिडवायची. पण हिंदुरावांना रडू फुटतं. एकदाचं फुटतं ते आवरत नाही.

"आक्का, काहिलीला भोक न्हवतं," ते म्हणतात. "मी भ्यालो. घरी खोटं बोललो. भोक मी मागनं पाडलं."

"ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? बगितलं की मी. काहिल दोनदा फिरली आणि तू माघारी गेलास. बाभळीमागं बसलास. पांढरा सदरा कुठं लपतोय व्हय?"

हिंदुराव नाक पुसतात. चोपन्न वर्षं त्यांनी त्या हिरव्या लुगड्याचा एकच अर्थ लावला होता. ते त्यांना विचारायचं आहे आणि विचारायची भीतीही वाटते.

"मग दिस बुडेस्तोवर का उभी ऱ्हायलीस, आक्का? मी येणार न्हाई हे कळलं हुतं तर?"

"तुझ्यापायी." ती टोपी त्यांच्या डोक्यावर परत घालते, कानांवर ओढून नीट बसवते. "तू रडत हुतास. म्हटलं, लाजंनं येडं पाण्यात उडी टाकंल. मी इथं दिसतीया तवर न्हाई टाकायचं. तू उठून घरच्या वाटंला लागलास तवा मी हलले. सासूबाईंचं बोलणं खाल्लं घरी जाऊन. खाऊ दे, काय मरतंय त्यानं माणूस?"

पोपट एकदम उडतात. ती आपली वाट बघतेय, असं हिंदुरावांनी जन्मभर धरून ठेवलं होतं. त्या वाट बघण्यापायी कितीदा ते रात्री दचकून उठले, बायकोला सांगितलं पित्त झालंय. आणि ती तिथं उभी राहून ह्यांची राखण करत होती.

"उपास सुटला का मग तुझा?" ते हळूच विचारतात.

"कसा सुटंल? भाऊ न्याय आल्याबिगर सोडायचा न्हाई म्हणून बोलून बसले हुते. त्या दिवशी कायतरी खाल्लं, सासूनं खायला लावलं. पण उपास तो उपासच. मोजलास का किती झाला?"

मोजायचं काय त्यात? हिंदुराव उठतात, ट्रंक उचलतात आणि म्हणतात, "चल."

"भोक हाय की रं तुझ्या काहिलीला."

"असू दे. चल तू."

ती लुगड्याचा ओचा सावरून काहिलीत बसते. सगळ्यांत आधी भोक शोधते, उजवी टाच त्याच्यावर दाबून धरते, आणि धार बंद होते. "मार आता," ती म्हणते.

हिंदुराव मारतात. डावी, उजवी. येताना नदी रुंद होती त्याहून आता रुंद आहे, पण त्यांना घाई नाही. हौसाक्का काहिलीच्या काठाला सुकून बसलेला गूळ नखानं खरवडून काढते, लहानपणी काढायची तसा. पहिल्यांदा तोंडात टाकायला जाते आणि मग थांबते. मुठीत धरून ठेवते. उपास आहे ना.

वाटेत ती बोलत असते. आईनं केलेली पुरणाची दिंडं कशी मऊ असायची, पिंपरणीच्या फांदीला झोका कसा बांधायचो आणि हिंदूनं एकदा दोर अर्धा कापून ठेवला तेव्हा शेजारची सगुणा कशी आपटली. सगुणा अजून आहे का? आहे, हिंदुराव सांगतात, चार दात राहिलेत पण तोंड तसंच आहे. दोघंही हसतात. पाण्यावर लाकडाचा धूर उतरलाय, त्यातून एक चाकाची बोट शेजारून निघून जाते. तिच्यावर लोकरीचे गठ्ठे आहेत की गुळाच्या ढेपा आहेत, ते दिसत नाही. बोट गेल्यावर लाट येते आणि काहिल गरगरते. हिंदुरावांच्या हातातली फळी सुटता सुटता राहते.

"भ्यालास?" ती विचारते.

"भ्यालो," ते म्हणतात आणि वल्हवत राहतात.

तळहातांची आग होतेय. फळी हातात राहत नाही, ओली होऊन घसरतेय. काठ दिसायला लागतो. धक्क्याचे लाल खांब दिसतात, त्यांच्यामधून येळकोंडीचा घाट वर जातो आणि वर त्यांच्या घराचं दार उघडं आहे. उंबऱ्यावर नागाची चित्रं काढलेली आहेत, लाह्या सांडल्यात. कुणी पुढं येत नाही. घरात माणसं असल्याचा आवाज मात्र येतोय, भांड्यांचा आणि बायकांच्या गाण्याचा. हौसाक्का मान उंच करून ऐकते. वीस वर्षांची पोरगी आहे ती, माहेर दिसल्यावर तिचा चेहरा जसा व्हायला पाहिजे तसाच झालाय. हिंदुरावांना तो चेहरा बघायचा होता. एवढंच बघायचं होतं.

काहिल काठाला लागते. खालून रेती घासल्याचा आवाज होतो.

ती आधी पाय बाहेर ठेवत नाही. मूठ उघडते, गुळाचा खडा त्यांच्या हातावर ठेवते आणि तोंड पुढं करते. हिंदुराव खडा दोन्ही हातांनी धरून तिला भरवतात. ती डोळे मिटून चघळते.

"करपला हुता थोडा," ती म्हणते. "ग्वाड हाय पण."

मग ती उतरते. ट्रंक घ्यायला हिंदुराव वाकतात आणि वर बघतात तोवर ती पाच-सहा पायऱ्या चढून गेलेली आहे. भिजलेल्या टाचेचे ठसे दगडावर उमटलेत. एकदाही मागं वळून बघत नाही. माहेरी आलेली पोरगी कशाला मागं बघेल?

"आण्णा. आण्णा, उठा. चार वाजले."

वैजयंता खांदा हलवतेय. ऊन उतरलंय. नदी आहे तिथंच आहे, झाडांच्या पलीकडं. हिंदुरावांचा चेहरा ओला आहे. लेक घाबरते, काय झालं, छातीत दुखतंय का म्हणून विचारते. ते मान हलवतात. चादर बाजूला करायला हात काढतात आणि "स्स" करून थांबतात.

"बघू," ती म्हणते.

ते हात उलटे करतात. दोन्ही तळहात लाल झालेत. चारही बोटांच्या मुळाशी टरारून फोड आलेत, उजव्या हातावरचा एक फुटलाय. वैजयंता नर्स आहे, रोज शंभर हात बघते. ती त्यांची बोटं धरून उजेडाकडं वळवते.

"आण्णा, हे आत्ताचे आहेत. कशानं आले? कुठं गेला होतात तुम्ही?"

हिंदुराव पलीकडच्या काठाकडं बघतात.

"तुला एक आत्या हुती," ते म्हणतात. "हौसाक्का. तिला पंचमीला आणायला गेलतो."

आत्या होती आणि पुराच्या साली तापानं गेली, एवढंच वैजयंताला ठाऊक आहे. भिंतीवर फोटोसुद्धा नाही. ती शेजारचं स्टूल ओढून जवळ बसते.

"आणली?"

"आणली."

ती थोड्या वेळानं उठते, आतून मलमाची ट्यूब आणि कापूस घेऊन येते, आणि त्यांचा हात आपल्या मांडीवर घेते. हिंदुराव हात मागं घेतात. दुखतं, तरी मुठी मिटून छातीशी धरतात.

"नगं," ते म्हणतात. "इतक्यात बरं करू नगंस. अशीच बस. तुला सगळं सांगायचं हाय."